भिडूच्या उडीला अर्थ द्या: मेजर ओपनिंगवरचे कृत्रिम जंप रिस्पॉन्स कसे बांधावेत

मेंढीकोट खेळत मोठा झालेला माणूस ब्रिजच्या टेबलावर आला की डाव खेळायला फार लवकर शिकतो. हुकूम कधी काढायचे, कोणती पानं पडून गेली, कुणाकडे काय उरलं असेल, ही जाण त्याच्या अंगात असते. नाशिकमध्ये मी ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांतले पुष्कळ जण असेच आलेले. त्यांचं अडतं ते बोलीत, आणि त्यातही एका ठराविक वळणावर. भिडूने १ बदाम किंवा १ इस्पिक उघडलं, आपल्या हातात त्याच रंगाची चार पानं आहेत, आणि २ म्हणावं, ३ म्हणावं की थेट ४, हे ठरत नाही. मग अंदाजाने ३ म्हटलं जातं. समोरचा त्या तीनाचा अर्थ आपल्या अंदाजाने लावतो.

याला उपाय म्हणून बरेच जण नेटवरून एखादं कन्व्हेन्शन (एखाद्या बोलीचा आधीच ठरवून घेतलेला खास अर्थ) उचलतात, ते सिस्टिममध्ये चिकटवतात आणि महिन्याभरात विसरतात. मला हा मार्ग पटत नाही. उडीच्या बोलींना (म्हणजे गरजेपेक्षा वरच्या पातळीवरून केलेल्या बोलींना) कृत्रिम अर्थ जरूर द्यावेत, पण ते स्वतःच्या गरजेतून, जागा मोजून आणि पुढच्या बोलींसकट बांधावेत. कारण उडी ही सगळ्यात महाग बोली आहे. ती विरोधकांची बोलायची जागा खाते तशी आपलीही खाते. एवढी किंमत मोजायची तर तिच्यातून भिडूला इतकी नेमकी माहिती मिळाली पाहिजे की त्याला पुढचा निर्णय लगेच घेता यावा. खाली ही बांधणी मी पायरी पायरीने मांडतो आहे.

आधी पाया ठरवा

उडीचे अर्थ हवेत ठरत नाहीत. साध्या बोलींनी काय सांगता येतं हे पक्कं असेल तरच उड्यांसाठी काय उरलं ते कळतं. या लेखात मी असं धरून चालतो: मेजर (बदाम किंवा इस्पिक) उघडायला पाच पानं आणि ११ ते २० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). त्यावर टू-ओव्हर-वन, म्हणजे १ इस्पिकवर २ किलवर, २ चौकट किंवा २ बदाम म्हटलं की गेमपर्यंत (४ मेजर किंवा ३ नो ट्रम्पसारख्या, मोठा बोनस मिळणाऱ्या बोलीपर्यंत) जायचंच. १ नो ट्रम्प (हुकमाविना खेळ) एका फेरीपुरतं फोर्सिंग, म्हणजे ओपनरने पास करायचं नाही, १२ पॉइंटपर्यंत. साधं २ मेजर म्हणजे तीन पानं आणि ६ ते १० पॉइंट. तीन पानं आणि १० ते १२ पॉइंट असतील तर आधी १ नो ट्रम्प, मग ३ मेजर.

तीन पानांच्या बहुतेक सगळ्या हातांना यात घर मिळालं. आणि टू-ओव्हर-वन आहे म्हणून मोठा, एकाच लांब रंगाचा हातही दोनच्या पातळीवर सावकाश सांगता येतो. ब्रिजचे जुने अमेरिकन गुरू एली कल्बर्टसन यांच्या काळात १ इस्पिकवर ३ किलवर म्हणजे फार मोठा हात असा अर्थ असे. ती गरज आता जवळजवळ संपली. म्हणून उड्या मोकळ्या झाल्या, आणि त्या चार पानांच्या पाठिंब्याला द्याव्यात असं माझं मत आहे.

मताला आकड्याचा आधारही आहे. ओपनरकडे (बोली उघडणाऱ्याकडे) नेमकी पाच पानं असतील तर त्या रंगाची उरलेली आठ पानं तिघांत वाटली जातात. भिडूकडे त्यातली नेमकी तीन येण्याची शक्यता सुमारे ३०.६ टक्के, आणि चार किंवा अधिक येण्याची सुमारे २३.८ टक्के. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या मेजर ओपनिंगला दोघांचा मिळून निदान नऊ हुकमांचा फिट निघतो. इतक्या वेळा येणाऱ्या हातासाठी बोली राखून ठेवणं शहाणपणाचं.

अडलेले हात वहीत उतरवा

एक छोटी वही करा. खेळून झाल्यावर जिथे बोली अडखळली ते डाव तीत लिहा: दोघांचे हात, व्हल्नरेबल (जिचा बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले ती बाजू) कोण, काय बोललो, कुठे पोहोचलो, कुठे पोहोचायला हवं होतं. माझा भिडू देवळालीचा, मुंबईला कामाला. पंचवटी एक्सप्रेसमध्ये इगतपुरी सोडून कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत तो आदल्या आठवड्याचे डाव वाचून त्यांच्यावर खुणा करतो. पत्ते लागत नाहीत, टेबल लागत नाही, वही पुरते.

एक पथ्य मात्र पाळा. एका डावावरून कन्व्हेन्शन काढू नका. हातांचे प्रकार बघा. बहुतेक वह्यांत मेजर फिटचे अडलेले हात पाच ढिगांत पडतात: चार पानं पण हात अगदी दुबळा, चार पानं आणि ७ ते ९ पॉइंट, चार पानं आणि १० ते १२, चार पानं आणि गेम नक्की, स्लॅमचा (बारा-तेरा हात, म्हणजे ट्रिक, करायच्या बोलीचा) विचार, आणि चार पानांबरोबर कुठेतरी सिंगलटन (रंगाचं एकच पान) किंवा व्हॉइड (एकही नाही). तुमच्या वहीत सहावा ढीग दिसला तर त्याला जागा द्या. पाचापैकी एखादा दिसलाच नाही, तर त्याच्यासाठी बोली खर्च करू नका.

जागा मोजा

१ इस्पिकनंतर १ नो ट्रम्प ते ४ इस्पिक अशा पंधरा बोली आहेत. त्यातल्या पहिल्या पाच साध्या, उरलेल्या दहा उड्या. १ बदामनंतर १ इस्पिक ते ४ बदाम याही पंधराच, आणि उड्याही दहाच. फरक इतकाच की बदामावर पहिली उडी २ इस्पिकला लागते, इस्पिकवर ती २ नो ट्रम्पला. हा एका घराचा फरक पुढे फार कामाला येतो.

आता प्रत्येक उडीला चार प्रश्न विचारायचे.

पहिला: थांबायला जागा आहे का? गेमला पुरेसा नसलेला हात दाखवणारी कृत्रिम बोली ३ मेजरच्या खालीच असली पाहिजे, कारण कमीत कमी पॉइंटांच्या ओपनरला ३ मेजरवर थांबायचं असतं.

दुसरा: विचारायला जागा आहे का? बोलीत दोन-तीन प्रकारचे हात कोंबले असतील तर ओपनरला विचारायला एक बोली आणि उत्तरांना तितक्या बोली हव्यात. यातूनच मुख्य नियम निघतो. खालच्या उडीत जास्त प्रकार मावतात, वरच्या उडीत एकच. जेफ रूबेन्स यांनी मांडलेलं उपयुक्त जागेचं तत्त्वही याच दिशेचं आहे: जागा जिथे लागते तिथे ती शिल्लक राहील अशा रीतीने बोलींचे अर्थ वाटावेत.

तिसरा: निर्णय कोण घेणार? उडी मारणाऱ्याने आपला हात बांधून सांगितला, तर ओपनरने ठरवायचं. दोघंही एकमेकांना विचारत राहिले तर चारची पातळी कधी ओलांडली ते कळत नाही.

चौथा: नैसर्गिक अर्थ गेला त्याचं काय? १ बदामवर २ इस्पिक कृत्रिम केलं, तर सहा इस्पिकांचा दुबळा हात कुठे जाणार हे लिहून ठेवावं लागतं. उत्तर साधं असेल (१ इस्पिक म्हणा आणि पुन्हा इस्पिक म्हणा) तर अर्थ बदलायला हरकत नाही. उत्तरच नसेल तर ती उडी आहे तशी राहू द्या.

वाटप: वरून खाली

वरच्या बोलींपासून सुरुवात करणं सोपं, कारण तिथे एकच अर्थ मावतो.

४ मेजर: पाच हुकूम, कुठेतरी सिंगलटन, पॉइंट दहाच्या आत, एक्के कमी. विरोधकांनी चार-पाचच्या पातळीवर आंधळेपणाने निर्णय घ्यावा एवढाच हेतू.

३ नो ट्रम्प: ४-३-३-३ वाटणी, भिडूच्या रंगाची तीनच पानं, १३ ते १५ पॉइंट. ओपनरने सपाट हातावर पास करावं, नाहीतर ४ मेजर.

३ मेजर: चार पानं आणि ० ते ६ पॉइंट. हे आमंत्रण नाही, अडथळा आहे. झाँ-रेने व्हेर्न यांनी १९६० च्या दशकात मांडलेला एकूण हातांचा (ट्रिकचा) नियम याच्या मागे आहे: नऊ हुकूम असतील तर नऊ हातांच्या पातळीपर्यंत जाणं सहसा परवडतं. सहसा हा शब्द महत्त्वाचा. व्हल्नरेबल असताना डबल होऊन (विरोधकांनी दंड वाढवून) एक हात कमी पडला तरी २०० जातात, आणि विरोधकांना ३ बदाम करून १४० च मिळाले असते. म्हणून व्हल्नरेबल असाल तर ही बोली ४ ते ६ पॉइंटांनाच ठेवा आणि ४-३-३-३ वाटणीवर टाळा.

त्यानंतर स्प्लिंटर. इस्पिकवर ४ किलवर, ४ चौकट, ४ बदाम. बदामावर ३ इस्पिक, ४ किलवर, ४ चौकट. अर्थ एकच: चार पानांचा पाठिंबा, ११ ते १४ पॉइंट, बोललेल्या रंगात सिंगलटन किंवा व्हॉइड. ही कल्पना १९६० च्या दशकातली, तिचं श्रेय डोरोथी हेडन ट्रस्कॉट यांना दिलं जातं. माझ्या मते या साऱ्या बांधणीतली सर्वांत सुंदर बोली हीच, आणि ती का ते एका उदाहरणाने कळेल.

रिस्पॉन्डर (ओपनरला उत्तर देणारा भिडू): इस्पिक राजा-गुलाम-८-३, बदाम एक्का-९-७-४, चौकट ६, किलवर राजा-१०-५-२. भिडूने १ इस्पिक उघडलं, यावर ४ चौकट.

ओपनर पहिला: इस्पिक एक्का-राणी-१०-६-५, बदाम राजा-८, चौकट ९-७-४, किलवर एक्का-राणी-३. पंधरा पॉइंट. चौकटीत एक हात जाईल, उरलेली दोन पानं डमीत (भिडूच्या टेबलावर उघडलेल्या पानांत) हुकमाने कापता येतील. हातातले पाच हुकूम, दोन कापे, बदामाचे दोन, किलवरचे तीन: बारा हात. दोघांचे मिळून पॉइंट सव्वीसच, तरी ६ इस्पिक उत्तम.

ओपनर दुसरा: इस्पिक एक्का-राणी-१०-६-५, बदाम राजा-८, चौकट राजा-राणी-४, किलवर राणी-७-३. सोळा पॉइंट, म्हणजे एक जास्तच. पण चौकटीचे पाच पॉइंट सिंगलटनसमोर पडलेले, आणि चौकट व किलवरचे एक्के विरोधकांकडे. इथे ४ इस्पिक म्हणून थांबायचं.

निर्णय ओपनरने एका नजरेत घेतला, कारण बोली एकाच गोष्टीबद्दल होती. त्यामुळे तिची हद्द कडक ठेवा. सिंगलटन म्हणून एक्का किंवा राजा असेल तर स्प्लिंटर नको, कारण ओपनर तिथे काहीच नाही असं धरून हिशेब करतो. पंधरा किंवा जास्त पॉइंट असतील तरीही नको. तो हात २ नो ट्रम्पमधून जाऊ द्या.

३ किलवर आणि ३ चौकट: कोणता वर, कोणता खाली

मार्टी बर्गन यांच्या मूळ पद्धतीत ३ किलवर म्हणजे ७ ते १० पॉइंटांचा हात आणि ३ चौकट म्हणजे त्याहून चांगला, १० ते १२ चा. दोन्हींत चार पानं. अनेक जोड्या हे उलटं खेळतात. कुठलं घ्यावं यावर खेळाडू तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजूंना खरं काही आहे.

मूळ पद्धतीच्या बाजूने: ७ ते १० ची पट्टी रुंद आहे, चांगल्या ओपनरला विचारायचं असतं, आणि ३ किलवरनंतर ३ चौकट विचारायला मोकळं राहतं. उलट्या पद्धतीच्या बाजूने: हात दुबळा असतो तेव्हाच डाव विरोधकांचा असण्याची शक्यता जास्त. ३ किलवर म्हटलं तर त्यांना त्यावर डबल करून उतारी सुचवता येते, किंवा ३ चौकट म्हणता येतं. दुबळ्या हाताने ३ चौकट म्हटलं की त्यांच्या या दोन्ही वाटा बंद.

मी उलटी बाजू घेतो, पण एक दुरुस्ती करून: दुबळ्याची पट्टी ७ ते ९ एवढीच ठेवायची. पट्टी अरुंद झाली की विचारण्याची गरजही घटते. मग रचना अशी:

३ किलवर: चार पानं, १० ते १२. यावर ओपनरचं ३ मेजर म्हणजे थांब, ४ मेजर म्हणजे गेम, ३ चौकट म्हणजे प्रश्न: पट्टीच्या वरच्या भागात आहेस का? नसेल तर ३ मेजर, असेल तर ४. तीन मेजरच्या वरचा नवा रंग म्हणजे स्लॅमची चाचपणी.

३ चौकट: चार पानं, ७ ते ९. इस्पिक फिट असेल तर ३ बदाम हा प्रश्न होऊ शकतो. बदाम फिट असेल तर प्रश्नाला जागाच नाही, ओपनरने ३ किंवा ४ यातलं एक ठरवायचं. ही उणीव मान्य करून पुढे जावं. ती भरून काढायला नवी कृत्रिम बोली रचली तर लक्षात ठेवण्याचा भार फायद्याहून मोठा होतो.

२ नो ट्रम्प आणि एकच शिडी

ऑस्वाल्ड जेकोबी यांच्या नावाने ओळखली जाणारी २ नो ट्रम्प बोली सगळ्यांना माहीत असते: चार पानं, गेम नक्की. जुन्या पद्धतीत ओपनर लगेच तीनच्या पातळीवर आपला सिंगलटन सांगतो. यात एक खोट आहे. ओपनरकडे बारा पॉइंट, रिस्पॉन्डरकडे चौदा, स्लॅमचा प्रश्नच नाही. तरी ओपनरने आपली आखूड बाजू साऱ्या टेबलाला सांगून टाकली. उतारी करणाऱ्याला आणखी काय हवं?

म्हणून पहिला प्रश्न ताकदीचा करा, आकाराचा नंतर.

२ नो ट्रम्पवर ओपनर:
३ किलवर: कमी ताकद, ११ ते १३, आकार कुठलाही.
३ चौकट: १४ किंवा जास्त, आखूड रंग (सिंगलटन किंवा व्हॉइड) नाही.
३ बदाम: १४ किंवा जास्त, किलवर आखूड.
३ इस्पिक: १४ किंवा जास्त, चौकट आखूड.
३ नो ट्रम्प: १४ किंवा जास्त, दुसरा मेजर आखूड.
चारच्या पातळीवर नवा रंग: पाच चांगली पानं, म्हणजे ५-५ चा हात, ताकद कुठलीही.

इस्पिक आणि बदाम ५-५ असतील तर आपण इस्पिक उघडतो, म्हणून १ बदामनंतर ४ इस्पिकची गरज पडत नाही आणि गेमची पातळी ओलांडावी लागत नाही.

३ किलवरनंतर रिस्पॉन्डरला रस नसेल तर तो ४ मेजर म्हणतो. इस्पिक राजा-१०-७-४, बदाम एक्का-राणी-५, चौकट राजा-८-३, किलवर राणी-६-२ असा चौदा पॉइंटांचा सपाट हात असेल तर हेच योग्य, आणि विरोधकांना ओपनरच्या हाताबद्दल ताकदीपलीकडे काहीच कळलेलं नाही. रिस्पॉन्डर मोठा असेल तर ३ चौकट म्हणून विचारतो, आणि उत्तरं पुन्हा त्याच क्रमाने: ३ बदाम किलवर आखूड, ३ इस्पिक चौकट आखूड, ३ नो ट्रम्प दुसरा मेजर आखूड, ४ मेजर आखूड काहीच नाही.

हा क्रम (किलवर, चौकट, दुसरा मेजर) मी शिडी म्हणतो, आणि साऱ्या सिस्टिममध्ये आखूड रंग याच शिडीने सांगायचा असा नियम करतो. काही ठिकाणी दुसरा क्रम थोडा बरा पडेल. पडू द्या. रात्री साडेदहाला, स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, दमलेल्या भिडूला एक क्रम आठवतो, तीन आठवत नाहीत.

उरलेली घरं: १ बदाम – २ इस्पिक आणि १ इस्पिक – ३ बदाम

दोन्ही उड्या दुसऱ्या मेजरच्या, पण जागेचा हिशेब वेगळा म्हणून अर्थही वेगळा.

वहीत एक ढीग अजून उरलाय: चार पानं, कुठेतरी सिंगलटन, पण पॉइंट ८ ते १० च, म्हणजे स्प्लिंटरला कमी. १ बदाम – २ इस्पिक या उडीला हा ढीग देता येईल का? चार प्रश्न विचारा. २ इस्पिक आणि ३ बदाम यांच्या मध्ये २ नो ट्रम्प, ३ किलवर, ३ चौकट अशा तीन बोली आहेत. २ नो ट्रम्प हा प्रश्न, आणि शिडीने उत्तरं: ३ किलवर, ३ चौकट आपापल्या रंगात आखूड, ३ बदाम म्हणजे इस्पिक आखूड. तिन्ही उत्तरं ३ बदामच्या आत! थांबताही येतं, विचारताही येतं, निर्णय ओपनरचा, आणि नैसर्गिक २ इस्पिक गेल्याचं नुकसान किरकोळ. अशी बेरीज जुळते तेव्हा ती बोली सिस्टिममध्ये घ्यावी.

उदाहरण. रिस्पॉन्डर: इस्पिक ४, बदाम राजा-गुलाम-७-३, चौकट एक्का-८-५-२, किलवर १०-७-६-४. ओपनर: इस्पिक एक्का-८-६-३, बदाम एक्का-राणी-१०-६-२, चौकट राजा-४, किलवर ९-५. १ बदाम, २ इस्पिक, २ नो ट्रम्प, ३ बदाम. इस्पिक आखूड आहे हे कळलं, आपल्या एक्क्यासमोर तीन लहान इस्पिकं डमीत कापता येतील, म्हणून ४ बदाम. एकूण एकवीस पॉइंट आणि दहा हात आरामात. ओपनरकडे एक्क्याऐवजी इस्पिकची राजा-राणी असती तर त्याने ३ बदामवरच पास केलं असतं. या बोलीमुळे बदामावर ३ किलवर आणि ३ चौकट यांत सिंगलटनचे हात फारसे उरत नाहीत, तोही फायदाच.

आता हाच अर्थ १ इस्पिक – ३ बदाम ला द्यायचा मोह होतो, सारखेपणासाठी. पण त्यानंतर ३ इस्पिक ही एकच बोली उरते, आणि ती थांबायला लागते. विचारायचं तर गेमच्या वर जाण्याची तयारी हवी. इथे तो अर्थ नापास. नैसर्गिक आमंत्रण मात्र चपखल बसतं: सहा चांगले बदाम, ९ ते ११ पॉइंट, इस्पिकात फिट नाही. ओपनर पास करू शकतो, ३ इस्पिक किंवा ४ बदाम म्हणू शकतो. कृत्रिम अर्थ शोधायला निघालो तरी नैसर्गिक अर्थ जिंकला तर त्याला जिंकू द्यावं. इस्पिक फिटमध्ये सिंगलटनसह ८-९ पॉइंटांचा हात मग ३ किलवरमध्ये एक पायरी वर चढवायचा.

मायनर (किलवर किंवा चौकट) ओपनिंगवर उड्यांचं महत्त्व कमी, कारण तिथे आधी मेजर शोधायचा असतो. दोनच गोष्टी ठेवा: १ किलवर – ३ किलवर आणि १ चौकट – ३ चौकट दुबळे, म्हणजे २ मायनर चांगल्या हाताला मोकळं, आणि मायनरवर २ बदाम म्हणजे पाच इस्पिक, चार बदाम, दहाच्या आत पॉइंट. १ इस्पिक म्हणून सुरुवात केली आणि भिडूने १ नो ट्रम्प म्हटलं, तर हा हात नेहमी अडतो.

मध्ये कुणी बोललं तर

इथे बहुतेक जोड्यांचं कागदावरचं काम अपुरं असतं, आणि टेबलावरची बहुतेक भांडणं इथेच होतात. सर्व एका पानावर लिहा.

उजवीकडच्याने टेकआउट डबल (आपल्या भिडूला उरलेल्या रंगांतला एक बोलायला सांगणारं डबल) केलं: २ नो ट्रम्प म्हणजे चार पानं आणि १० किंवा जास्त. ३ मेजर दुबळं. ३ किलवर, ३ चौकट नैसर्गिक.

त्याने रंग म्हटला: ३ किलवर आणि ३ चौकट यांचे कृत्रिम अर्थ बंद. विरोधकाचाच रंग म्हणणं म्हणजे चांगला पाठिंबा, ३ मेजर दुबळं.

आपल्या ३ किलवरवर डबल: ३ मेजर म्हणजे थांब, पास म्हणजे गेमचा विचार आहे, रिडबल म्हणजे किलवर इथेच खेळूया.

आपल्या २ नो ट्रम्पनंतर ते बोलले: ओपनरचं डबल म्हणजे त्यांच्या रंगात आखूड, ४ मेजर म्हणजे कमी ताकद, पास म्हणजे बाकी सगळं, तू सांग.

आधी पास केलेला भिडू गेम फोर्स करू शकत नाही, म्हणून त्याचं २ नो ट्रम्प आणि स्प्लिंटर बाद. तिथे २ किलवर ड्रूरी, म्हणजे पाठिंबा आणि १० ते ११ पॉइंट. आणि नव्या रंगात उडी म्हणजे त्या रंगाची पाच पानं अधिक चार हुकूम.

कागदावरून टेबलावर

कॅट घ्या. ओपनरची तेरा पानं मुद्दाम निवडून बाजूला ठेवा, उरलेली एकोणचाळीस पिसा आणि तेरा पानं रिस्पॉन्डरला द्या. बोली लिहून करा, बोलून नको. आवाजाच्या चढउतारातून फार काही कळतं. मग तीच ओपनरची पानं ठेवून पुन्हा पिसा. एकाच ओपनरसमोर वीसेक वेगवेगळे हात आले की पट्ट्या कुठे चुकीच्या आहेत ते लगेच दिसतं. दोघं एका गावात नसाल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर जोडीने बोलीचा सराव करायची सोय आहे.

प्रत्येक डावात दोनच गोष्टी तपासा. या उडीमुळे साध्या बोलीपेक्षा वेगळ्या आणि चांगल्या ठिकाणी पोहोचलो का? आणि भिडूला अर्थ विचार न करता आठवला का? पहिल्याचं उत्तर सतत नाही येत असेल तर बोली काढून टाका. दुसऱ्याचं नाही येत असेल तर ती बोली वाईट नाही, पण अजून तुमची झालेली नाही. स्पर्धेत आणू नका. एका वेळी एकच बदल करा. मी क्रम असा सुचवेन: आधी ३ मेजर दुबळं आणि स्प्लिंटर, मग ३ किलवर आणि ३ चौकट, मग २ नो ट्रम्पची शिडी, सर्वांत शेवटी २ इस्पिक.

शेवटचा भाग नियमांचा, आणि तो टाळून चालणार नाही. तुमच्या सिस्टिमचा अर्थ विरोधकांना कळणं हा त्यांचा हक्क आहे. कन्व्हेन्शन कार्डावर या सर्व बोली लिहा. टेबलावर भिडूची कृत्रिम बोली अलर्ट करायची, म्हणजे सांगायचं काम भिडूचं, बोली करणाऱ्याचं नाही. ऑनलाइन मात्र स्वतःची बोली स्वतः अलर्ट करायची. जिथे स्टॉप कार्ड वापरतात तिथे उडीआधी ते ठेवायचं. विचारलं तर नुसतं बर्गन किंवा जेकोबी असं नाव सांगून भागत नाही, पूर्ण अर्थ सांगावा लागतो: चार पानं, १० ते १२ पॉइंट.

भिडू अर्थ विसरला आणि त्याने चुकीचं सांगितलं, तर २०१७ च्या नियमावलीनुसार ते ऐकून तुम्हाला जे कळलं ते वापरता येत नाही. भिडूने अलर्ट केलंच नाही असं दिसलं तरी तुम्ही जणू त्याने तुमची बोली बरोबर समजून घेतली आहे असं धरूनच पुढे बोलायचं. विसरून चुकीची बोली करणं हा गुन्हा नाही, चुकीचा अर्थ सांगणं आहे. तो दुरुस्त करण्याची वेळही ठरलेली आहे: डाव तुमच्या बाजूचा असेल तर शेवटच्या पासनंतर, उतारी होण्याआधी, डायरेक्टरला बोलावून; तुम्ही बचाव करत असाल तर तेरावा हात पडल्यावर.